तोरण तुटण्याआधी

हर्षाने काजलच्या हातातली यादी इतक्या जोरात ओढली, की कागदाचा एक कोपरा काजलच्या अंगठ्याखालीच राहिला.

"अवं, फाडतं का काय!"

"कितवा नंबर होता आमचा?"

"चौथा."

"आन आता?"

काजलने माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि उगाच जरीचा पदर सारखा केला. निवेदिका म्हणून ती आज पहिल्यांदाच स्टेजवर होती, दोघी एकाच कॉलेजच्या, एकाच बसने जाणाऱ्या, आणि हर्षाचा हा चेहरा तिने बसमध्ये एकदाच पाहिला होता. त्या दिवशी कंडक्टरला स्टॉप नसताना गाडी थांबवावी लागली होती.

यादीत चौथ्या नंबरवर 'झडती लाइव्ह – श्रावण आणि मंडळी, २० मि.' अशी ओळ होती, पोळ्याला तोरणाखाली म्हणायच्या त्या टोमण्यांच्या गाण्याची. तिच्यावर निळ्या पेनाची रेघ. आणि पार खाली, आभारप्रदर्शनाच्या डोक्यावर कसंबसं कोंबलेलं – श्रावण, ५ मि. त्या पाचावरही कोणीतरी काट मारली होती आणि बाजूला दोन लिहिले होते.

"मी नाही केलं वं," काजल म्हणाली. "काकाजी सांगतात तसं लिहून राहिली मी."

काकाजी म्हणजे वामनराव. शहराच्या टोकाला, बेसा वस्तीतल्या या तान्ह्या पोळ्याच्या समितीचे अध्यक्ष, काटोलच्या संत्र्याचा व्यापार, आणि आवाज असा की माइकची गरज नाही, तरी दुपारी चारपासून एक माइक कायम त्यांच्याच हातात. आता साडेपाच झाले होते. मैदानात मुरूम टाकलेला, त्यावर हिरवी जाळी, आणि स्टेजसमोर दोन बांबूंच्या मध्ये आंब्याच्या पानांचं तोरण. तोरणाखाली पोरांच्या रांगा. प्रत्येकाच्या हातात दोरी, दोरीला चाकाचा लाकडी बैल. कुणाच्या बैलाला झूल, कुणाच्या शिंगांना बेगड, एका पोरीने तर बैलाला आईचा जुना चष्मा लावला होता. दीड तास झाला, पोरं उभीच. बैल तरी लाकडाचे होते.

आणि स्टेजवर काय चाललं होतं? सत्कार! एक संपला की दुसरा. शाल, नारळ, फोटो. फोटो नीट आला नाही म्हणून परत तीच शाल काढून परत घालायची. हर्षा मोजत होती. चौदा.

ती स्टेजच्या मागे गेली. जनरेटरपासून लांब, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर तिचे बाबा बसले होते. श्रावण. धुतलेला पांढरा सदरा, गळ्याभोवती रुमाल, थर्मासच्या झाकणात कोमट पाणी. शेजारी बाबांच्या साथीला आलेला सौरव मांडीवर ढोलक घेऊन दमट झालेल्या पुडीवर तळहात घासत होता.

"काय म्हने?" सौरवने विचारलं. सकाळी तो शहरात मारबतीच्या, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणत गावाबाहेर न्यायच्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत नाचून आला होता, त्याचा घसा पार बसला होता.

"दोन मिनिटं."

"वीसचे दोन? अबे, दोन मिनिटांत तर मी ढोलक कसतो!"

"हर्षा," बाबा म्हणाले. आवाज कसा, तर खरखरीत पाटीवर कोणी खडा ओढावा तसा. "दोन मिन्टं लय झाले. झडतीले काय लागते?"

हर्षाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी फोडलं असतं.

गोष्ट अशी होती. येत्या गुरुवारी धंतोलीतल्या हॉस्पिटलात बाबांचं ऑपरेशन होतं. तीस वर्षांच्या खर्र्याने, त्या सुपारी-तंबाखूच्या पुड्यांनी, आणि वरून बिडीने घशात गाठ केली होती. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं, त्यातल्या एका चौकोनावर पेनाने काट मारली आणि म्हणाले, ही आवाजाची पेटी, ही काढावी लागेल. जीव वाचेल. आवाज राहणार नाही. बाबांनी तो कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला, अगदी दुकानात साडीची घडी घालतात तसा. इतवारीच्या दुकानात ते वीस वर्षं घड्याच घालत होते. त्याआधी टिमकी वस्तीत त्यांचा हातमाग होता, आणि टिमकीतले म्हातारे अजून सांगतात, पोळ्याला तोरणाखाली श्रावण उभा राहिला की समोरच्या आळीचे लोक आधीच कान धरायचे. कारण झडती म्हणजे झडतीच. सावकार असो का सरपंच, वर्षभराचं सगळं त्याच्या तोंडावर, यमकात, ठेक्यात, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर. त्या दिवशी रागवायचं नाही असा नेम. ज्याच्यावर म्हटली त्यानेही गजर करायचा.

हर्षाने घरी दहा वेळा सांगून पाहिलं होतं, बाबा, इथंच म्हणा, मी मोबाईलवर घेते.

"झडती काय भिताडाले म्हनू?" बाबा म्हणाले होते. "समोर मानसं लागतात वं. त्यायचा जबाब आला का मंग ते पुरी होते."

"मले तरी सांगा, काय बांधली यंदा."

"आधी सांगितली का शिळी होते."

सौरवला ठेका तरी हवा होता, म्हणून त्याला त्यांनी गुडघ्यावर वाजवून दाखवला. खट्-खटक, खट्-खटक. हातमागाच्या धोट्याचा ठोका. पहिली ओळ नुसती ओठातल्या ओठात, 'धोटा धावे इकून तिकून', आणि गप्प. सौरवने विचारलं, काका, यायनं आपल्याले टाइमच नाही देल्ला तं? बाबा म्हणाले, "तोरन तुटाच्या आधी कदीबी चालते. तोरन तुटलं का पोळा फुटला. मंग कोनी म्हनत नाही."

आणि एक अट. कोणाला सांगायचं नाही. गाठीचं नाही, गुरुवारचं नाही.

"कीव करून टाळ्या वाजोतीन," ते म्हणाले. "तशा टाळ्या मले नाही पायजे."

म्हणजे बघा, हर्षाच्या हातात काय होतं? काहीच नाही. राग होता फक्त. आणि रागाचं कारण सांगायची बंदी.

स्टेजवर आता ओमप्रकाश आले होते. कापडाचे व्यापारी, वामनरावांचे जिगरी दोस्त. त्यांनी पेन ड्राइव्ह साउंडवाल्याकडे दिला, गॉगल चढवला, आणि ट्रॅकवर जुनी हिंदी गाणी सुरू झाली. ट्रॅक पुढे पळत होता, ओमप्रकाश मागून चालत येत होते. एक झालं. दोन झाली. तिसऱ्याला पहिल्या रांगेतून कोणीतरी 'वन्स मोअर' ओरडलं.

"कोन ओरडला बे तो?" हर्षा म्हणाली.

"त्यायचा साळा," सौरव म्हणाला. "त्यालेबी शाल भेटली मघा. ड्रायव्हरलेबी भेटली. आता फक्त जनरेटर राहिला."

एरवी ती हसली असती. ती ताडताड चालत स्टेजच्या पायरीशी गेली. वामनराव तिथेच उभे होते, एका हातात माइक, दुसऱ्या हातात फोन.

"काकाजी, आमचा नंबर सव्वाचारचा होता."

"हो ना बेटा, हो ना." त्यांनी फोनवर हात ठेवला. चेहऱ्यावर खरोखरचा जिव्हाळा, त्याचाच तर जास्त संताप यावा. "पाहुणे येऊन राहिले. मनीषनगरच्या फाटकात अटकले. तुमचा तं घरचा प्रोग्राम आहे. घरच्यायनं मागूनच बसावं लागते पंगतीत."

"पंगत संपून राहिली काकाजी. पोरं उभी आहेत कवाची. आन बाबायले..."

"काय झालं श्रावणभाऊले?"

आता. आत्ताच. एका वाक्याचं काम होतं. हर्षाने तोंड उघडलं, आणि मागून खोकल्याचा आवाज आला. बाबा जनरेटरजवळ उभे होते, थर्मासचं झाकण छातीशी धरून, आणि मान हलवत होते. नाही. नाही म्हणजे नाही.

"काही नाही," हर्षा म्हणाली. "बसून बसून पाय दुखून राहिले त्यायचे."

"अरे, तं खुर्ची द्या ना कोनी श्रावणभाऊले!" वामनराव ओरडले आणि परत फोनला लागले.

हर्षा परत आली. ती उभ्या उभ्याच पायाने ठेका धरायला लागली, खट्-खटक, खट्-खटक, आणि त्या ठेक्यावर शब्द येऊन बसायला लागले. तिने बोलावले नव्हते. शाल आली, साळा आला, ड्रायव्हर आला. म्हैस कुठून आली देव जाणे. बाबांचीच पोर ती. लहानपणापासून पोळ्याला बाबांच्या खांद्यावर बसून ऐकलेलं, पण बाईने झडती म्हणायची हे तिने पाहिलं नव्हतं, आणि आपण म्हणू असं तिच्या डोक्यातही नव्हतं. नुसती आत उकळत होती, बस.

सहाला दहा मिनिटं असताना काजलचा आवाज आला. "आणि आता शेवटी, आपल्या वस्तीतले ज्येष्ठ कलाकार, श्रावणजी आणि मंडळी, झडती घेऊन येत आहेत!"

हर्षाने मोबाईल काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं, लाल टिंब आणि पळणारे सेकंद एकदा डोळ्यांनी तपासले, आणि फोन बाबांच्या छातीवरच्या खिशात सरकवला. घडी घातलेल्या त्या कागदाच्या शेजारी.

"मोबाईल काहून?"

"राहू द्या. जवळून चांगला येते आवाज."

तिघं वर गेली. सौरव ढोलक घेऊन खाली बसला. बाबांनी माइक हातात घेतला, जरा लांब धरला, जुन्या माणसांसारखा, आणि तोरणाकडे पाहिलं. पोरांकडे पाहिलं. मागच्या रांगेतल्या खुर्च्या, पलीकडे फ्लॅटच्या गॅलऱ्यांत उभी माणसं. त्यांचे खांदे सरळ झाले. हर्षाने कितीतरी महिन्यांनी त्यांना असं पाहिलं, जणू कोणीतरी आतून ताणा ताणून बसवला. त्यांनी घसा खाकरला. सौरवने पहिली थाप दिली.

"एक मिनिट, एक मिनिट!"

वामनराव. पायऱ्या चढून, हसत, धापा टाकत. त्यांनी बाबांच्या हातातून माइक घेतला. ओढला नाही, अगदी प्रेमाने घेतला, खांद्यावर हात ठेवून. "माफ करजा श्रावणभाऊ, पाहुणे आले आपले! आधी स्वागत करून घेऊ. काजल, शाल आन."

बाबा एक पाऊल मागे सरकले. मग अजून एक. दोन्ही हात पुढे एकमेकांत धरून उभे राहिले. दुकानात गिऱ्हाईक साडी निवडेपर्यंत उभे राहतात, अगदी तसे.

ते हात हर्षाला दिसले.

पंधरावी शाल. फोटो. परत फोटो. पाहुणे दोन शब्द बोलले, ते दोनावर थांबले नाहीत. खाली एक पोरगं रडायला लागलं, त्याच्या बैलाचं चाक निघालं होतं. आभाळ भरून आलं होतं. वामनरावांनी पाहुण्यांना खुर्चीवर बसवायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून माइक काजलकडे केला, आणि काजलने तो घ्यायच्या आधीच मध्ये हर्षाचा हात आला.

"सौरव, वाजव."

"काका म्हनतीन ना..."

"वाजव बे!"

खट्-खटक, खट्-खटक. आणि हर्षा सुटली.

"आंबा रे आंबा, तोरनाचा आंबा,
अध्यक्ष म्हने कलाकाराले, थांबा रे थांबा!
पाहुन्याले शाल, साळ्याले शाल,
डायवरबी बसला पांघरून लाल!
लाकडाचा बैल पुसते मालकाले,
चारा नाही, पानी नाही, भाषन काहून मले?
माइक धरला जसं दुभत्या म्हशीचं दावं,
सोडा जी आता, नाहीतं मारबतीसंगं जावं!"

अरे, मैदान! काय सांगावं! पहिल्या दोन ओळींना लोकांनी माना वळवल्या, ड्रायव्हरवर हशा फुटला, बैलाच्या ओळीला गॅलऱ्यांतून शिट्ट्या आल्या. बायका उभ्या राहिल्या. दोन तासांचा सगळ्यांचा राग तिच्या तोंडून बाहेर पडत होता आणि प्रत्येकाला तो आपलाच वाटत होता. सौरव वेड्यासारखा वाजवत होता. हर्षाच्या गळ्याच्या शिरा तट्ट, आवाज चिरत होता, तरी ती थांबेना. दुभत्या म्हशीला तर खुद्द ओमप्रकाश खुर्चीतून घसरायचे राहिले. आणि सवयीने, लहानपणापासून ऐकलेलं, जिभेवर बसलेलं, तिने न थांबता पुढचंही म्हणून टाकलं.

"एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!"

आख्खं मैदान गर्जलं. वामनरावसुद्धा, दोन्ही हात वर करून, पोट धरून हसत. आणि तिच्या अगदी मागून, कानाशी, एक खरखरीत आवाज, सगळ्यांत मोठा.

ती वळली. माइक पुढे केला. "बाबा, आता तुमची..."

खाली पोरांना कोणी सांगायची गरज नव्हती. पोळ्याला झडती झाली, गजर झाला, की काय होतं हे दोन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. दोन तास दोऱ्या धरून उभी असलेली ती शंभर-सव्वाशे पोरं एकदम सुटली. चाकं खडखडली. दोन मोठ्या पोरांनी उड्या मारून तोरण धरलं, ओढलं, आणि आंब्याची पानं मुरमावर पसरली. झुली, बेगडं, चष्मा लावलेला बैल, सगळे त्या पानांवरून धावत पुढे गेले. आया मागून पळाल्या. खुर्च्या सरकल्या. पोळा फुटला.

हर्षाचा हात तसाच पुढे. माइकमध्ये नुसती चाकांची खडखड येत होती.

बाबांनी दोन रिकाम्या बांबूंकडे पाहिलं.

"म्हना ना बाबा," ती म्हणाली. "लोकं आहेत अजून. सौरव, वाजव ना. मी बलावते सगळ्यायले, काजल, तू सांग ना वं माइकवर..."

"तोरन तुटलं," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या हातातला माइक घेतला, बटण शोधून बंद केला आणि काजलकडे दिला. "डायवरच्या ओळीत घाई केली तू. लोकं हासून राहिले तवा थांबा लागते. बाकी म्हैस चांगली होती."

सौरव ढोलकाकडे बघत होता.

वामनराव आले. डोळे पुसत, अजून हसत. हर्षाला वाटलं, आता चिडतील, चिडले तर बरं होईल, निदान भांडता तरी येईल. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "काय हानलं बे पोरी! माह्या सात पिढ्या धुतल्या. श्रावणभाऊ, तुमचीच पोर, मान वर करून सांगाची गोष्ट आहे. तुमची राहून गेली, माही चुकी. पन पुढच्या वर्षी पहिली झडती तुमची. सत्कारगित्कार मागून. ए काजल, लिहून ठेव, आत्ताच लिही. पुढचा तान्हा पोळा, नंबर एक, श्रावणभाऊ. वीस मिनिटं."

काजलने फाटक्या यादीच्या मागे लिहिलं.

बाबांनी हात जोडले. "हो जी," ते म्हणाले.

घरी जाताना सौरव चौकात वेगळा झाला. रस्त्यावर ठिकठिकाणी पोरं बैल ओढत घरोघर फिरत होती. बाबा पुढे, हर्षा एक पाऊल मागे. भाजीवालीच्या गाडीपाशी ते थांबले, कारण आईने निघताना भाजी आणायला सांगितली होती. आई मैदानात आलीच नव्हती. आपल्याला ऐकवणार नाही म्हणाली होती.

बाबांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात, कापडाच्या आतून, मोबाईलचं लाल टिंब अजून दिसत होतं.

हर्षाने हात पुढे केला. मग मागे घेतला.

"बाबा, दोडके घेऊ का भेंडी?"

"भेंडी नको. या दिवसातली चिकट निंघते."

"मंग दोडके कसे पाहाचे? मले नाही समजत."

तिला चांगलं समजत होतं. बाबांनी एक दोडका उचलला. शिरा कशा हव्या, देठ कसा हवा, नखाने कुठे टोचायचं, सगळं सांगितलं. ती त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, खिशाजवळ. मागून एक ऑटो भोंगा वाजवत आला, तशी ती वळून त्याच्यावर अशी भडकली, की बिचाऱ्याने इंजिनच बंद केलं.

"आन वांगे?" ती म्हणाली. "वांगे कसे पाहाचे?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली, खिशाकडे. हातातला दोडका परत गाडीवर ठेवला.

मग त्यांनी गळ्याचा रुमाल सैल केला, घसा खाकरला, आणि एक वांगं उचलून, स्टेजवर माइक धरला होता तसं जरा लांब धरून, एकेक शब्द सुटा करत सांगायला सुरुवात केली.